म्हातारीचा ताप

३ मार्च, सोमवार

थांबली! रेषा थांबली!

सकाळी सव्वानऊला ऑफिसात पोचले, खांद्यावरची पिशवी उतरवायच्या आत स्क्रीन उघडला — आणि हे! कॉम्प्युटरमधल्या आमच्या पेटीत ऊर्जा ओतत गेलं की तापमान चढतं, चढतं, चढतं, आणि एका जागी येऊन चक्क बसकण मारतं. दुप्पट ओता, चौपट ओता — ढिम्म. एकशे तीस. एकशे एकतीस. परत एकशे तीस. आमच्या मापातले एकशे तीस म्हणजे साध्या अंशांत दीड लाख कोटी. पण थांबलं म्हणजे थांबलं!

सरांना हाक मारली. चहाचा कप हातात घेऊनच धावत आले. पासष्ट वर्षांचा माणूस, या महिन्याच्या एकतीसला निवृत्त होतोय, आणि पळतो कसा! माझ्या खुर्चीमागे उभे राहून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "ही रेषा मी बत्तीस वर्षं शोधतोय गं."

आणि कप कलंडला. कीबोर्ड गेला. जाऊ दे!

शेजारच्या टेबलावरून शंकासुर — "आधी तपासा, मग नाचा." हा प्रयोगवाल्यांची आकडेवारी आमच्याशी ताडून बघतो. जन्मात कधी 'वा' म्हणाला असेल तर शपथ.

४ मार्च, मंगळवार

संचालकांच्या कार्यालयातून फोन. सरांचं निरोपाचं व्याख्यान अठ्ठावीसला. पत्रिकेवर छापायला 'सर्वसामान्यांना कळतील अशा चार ओळी' हव्यात. सरांनी ते लचांड माझ्या गळ्यात टाकलं.

पहिला मसुदा घरी आत्याला वाचून दाखवला. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पस्तीस वर्षं ऑपरेटर होती, गेल्या वर्षापासून आमच्याकडे असते. काहीही ऐकायचं तर डोळे मिटून ऐकते. ऐकलं आणि म्हणाली, "मुली, यातलं 'आणि' तेवढं कळलं."

मग तोंडीच सांगितलं. सोन्याच्या दोन अणूंचे गाभे घ्यायचे आणि जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने एकमेकांवर आदळवायचे. मोठाल्या यंत्रांमध्ये हे खरोखर करतात. आदळले की निमिषभर — निमिष हा शब्दसुद्धा फार लांबलचक झाला — एक भयंकर दाट, भयंकर तापलेला ठिपका तयार होतो. त्यात हजारो कण एकमेकांना धडका देत सुटतात. प्रश्न एवढाच, की चहूकडे उधळून जाण्याआधी त्यांना समतोलाला यायला वेळ मिळतो का? कुठून आलो, किती जोरात आलो ते विसरून सगळ्यांचं मिळून एक तापमान होतं का?

"मग बघायचं ना आत डोकावून."

"डोकावायला वेळच नसतो, आत्या. म्हणून कॉम्प्युटरमध्ये खोटी पेटी करायची आणि तिच्यात तसेच कण भरायचे. उजव्या भिंतीतून बाहेर पडलेला कण डाव्या भिंतीतून आत. पळून जायची सोय नाही. मग हवा तेवढा वेळ थांबायचं आणि समतोल यायला किती वेळ लागतो, कुठल्या तापमानाला येतो, ते बघायचं."

"आणि तुला काय दिसलं?"

"एका हद्दीपुढे पेटी तापतच नाही. जास्तीची ऊर्जा आधीच्या कणांना आणखी पळवत नाही, नवे कण जन्माला घालते."

आत्याने डोळे उघडले. "हां. हे छापा."

तेच छापायला दिलं.

५ मार्च, बुधवार

नवा कीबोर्ड. स्पेसबार करकरतो.

७ मार्च, शुक्रवार

म्हातारी आज तीनदा रुसली. म्हातारी म्हणजे पेटीतल्या कणांच्या धडका घडवून आणणारा आमचा प्रोग्रॅम. सरांनी तो बत्तीस वर्षांपूर्वी एकट्याने लिहिला. नंतर दहाबारा जणांनी ठिगळं लावली, आणि गेली सहा वर्षं तिचं औषधपाणी माझ्याकडे आहे. जगभरात चाळीसेक गट तिला वापरतात. चालली तर सरांचं कौतुक, अडली तर मला शिव्या — ईमेलने, सभ्य भाषेत.

संचालकांनी जिन्यात गाठलं. "तुमच्या निकालाबद्दल कानावर आलं. झकास! पंचवीसला मुदतवाढीची समिती बसतेय, तिथे हेच मांडा." माझा करार वीस एप्रिलला संपतो. आता वाढला तर तीन वर्षं, आणि मग कायम व्हायची आशा. सहा वर्षांत पहिल्यांदाच वाटतंय की मिळेल.

घरी येऊन दातोबाला सांगितलं. दातोबा म्हणजे माझा नवरा. कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, हा दात घडवतो. त्याच्या कामाची खोली भरली, की माल जेवणाच्या टेबलावर येतो. आमच्याकडे जेवताना कायम कुणीतरी हसत असतं.

"झाली मुदतवाढ की एक मोठं कपाट घेऊ," म्हणाला. "दातांना."

केवढी ही स्वप्नं!

११ मार्च, मंगळवार

क्लस्टर दुरुस्तीला. एकत्र जोडलेल्या शंभर कॉम्प्युटरांतले चारच चालू, तेही रडतखडत. इकडे सरांना व्याख्यानासाठी सुबक आलेख हवेत. पूर्ण रन टाकला, म्हणजे म्हातारीला सगळा हिशेब पहिल्यापासून करायला लावला, तर महिना जाईल. म्हटलं, नुसतं आलेखाचं काम नीट होतंय का ते बघू. म्हातारीतला सगळ्यात वेळखाऊ भाग बंद करून एक चिमुकला रन सोडला. वेळखाऊ भाग म्हणजे तारांचा. दोन कण फार जोरात आदळले की त्यांच्यात ऊर्जेची तार ताणली जाते, आणि ती तुटून एका दमात पाचसहा नवे कण होतात. हे सगळं बारकाईने करायचं म्हणजे म्हातारीला धाप लागते.

शंकासुराचा वाढदिवस. केक त्यानेच आणला, त्यानेच कापला, आणि "जरा कोरडा आहे" हेही त्यानेच सांगितलं.

१२ मार्च, बुधवार

तारांशिवायच्या रनमध्ये रेषा थांबली नाही. एकशे तीस ओलांडून दीडशे, एकशे सत्तर... चढतेच आहे. माझंच काहीतरी चुकलं असणार. उद्या बघते.

१३ मार्च, गुरुवार

कालचं काही चुकलेलं नाही. चुकलंय ते आधीचं.

सकाळपासून मोजतेय. पेटी खरोखर समतोलाला आलीय का हे बघायची एक साधी कसोटी आहे. जे जेवढ्या वेळा घडतं, तेवढ्याच वेळा ते उलटंही घडलं पाहिजे. दोन कण मिळून तिसरा झाला, तर तेवढ्याच वेळा तिसरा फुटून दोन झाले पाहिजेत. ही कसोटी पहिल्या दिवशीच लावायला हवी होती. लावली नाही. नाचत होते ना!

दोन-दोनच्या धडका तपासल्या. जाताना दहा हजार चारशे, येताना दहा हजार तीनशे नव्वद. सुरेख.

मग तारा. तार तुटून कण झाले — एक लाख बारा हजार वेळा. पाचसहा कण एकत्र येऊन परत तार झाली —

शून्य.

तीनदा मोजलं. म्हातारीत तो रस्ताच नाही! पाचसहा कणांची एकाच जागी एकाच वेळी गाठ घालून देणं लिहायला महाकर्मकठीण, म्हणून कुणी लिहिलंच नाही. त्यामुळे ऊर्जा ओतली की तारा होतात, तारांचे कण, त्या कणांच्या धडकांतून आणखी तारा, आणि परत फिरायची वाट बंद. कण नुसते साठत जातात. ऊर्जा इतक्या जणांत वाटली गेल्यावर तापमान चढणार कसं? मी ज्याला समतोल म्हणत होते तो समतोल नव्हताच. कोंडी होती.

दुपारी पत्रिका छापून आल्या. गुळगुळीत कागद. माझ्या चार ओळी ठळक अक्षरांत.

१४ मार्च, शुक्रवार

कुणाला बोलले नाही. सर शीळ घालत कॉरिडॉरमधून दोनदा गेले.

१५ मार्च, शनिवार

दातोबाला सांगितलं. तो दिव्याखाली मेणाचा दात कोरत होता, मी समोरच्या स्टुलावर.

"कुणाकुणाला माहितेय?"

"मला. आता तुला."

"नाही सांगितलंस तर?"

"तर पंचवीसला मुदतवाढ, अठ्ठावीसला टाळ्या. कुणीतरी शोधून काढेपर्यंत दोनतीन वर्षं सहज जातील."

"आणि सांगितलंस तर?"

"तर सरांचं शेवटचं व्याख्यान मातीत. आणि माझं —"

वाटलं, आता हा म्हणणार, सांगून टाक. कुठलं काय! दात खाली ठेवला, उठला, चहा टाकायला गेला. भांड्यांची थोडी आदळआपट ऐकू आली. मग स्वयंपाकघरातून ओरडला, "मला नकोय कपाट!"

हसता हसता रडले मी. वेडा.

१६ मार्च, रविवार

सरांच्या घरी दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा वाजायच्या आधीच ठेवला. आत्या बघत होती. काही बोलली नाही, हे तिच्या मानाने फारच.

१७ मार्च, सोमवार

सांगितलं.

दार लावून घेतलं, तक्ता समोर ठेवला आणि श्वास न घेता बोलून मोकळी झाले. सर ऐकत होते. बोट ओळीओळीवरून खाली येत होतं. शून्यापाशी थांबलं.

"हे मला माहीत आहे," ते म्हणाले.

सरांनी शून्याभोवती पेन्सिलने गोल काढला.

"मीच ठरवलं होतं ते. हा भाग गाळायचा. त्या काळच्या टकरींत तारा होत्याच किती? शंभरात एखादी. काही फरक पडत नव्हता."

"तेव्हा नव्हता पडत, सर. आपण आता वीसपट ऊर्जा ओततोय."

"म्हणजे मी चुकलो."

"तेव्हा नाही."

"मग केव्हा?"

मी तक्ता उचलून हातात घेतला.

"अकरा दिवस उरलेत!" आवाज चढला. सहा वर्षांत एकदाही चढला नव्हता. "अकरा! आणि तू मला आज हे दाखवतेस? ठेव तो कागद तिथे. जा."

गेले. तोंड धुतलं. जागेवर आले तर शंकासुराने काही न विचारता अर्धं सँडविच पुढे सरकवलं. मग त्यालाही सगळं सांगितलं. 'म्हटलं नव्हतं?' ऐकायची मनाची तयारी करून बसले होते. तो फक्त म्हणाला, "समितीपुढे काय बोलणार आहेस?"

तेच तर!

१८ मार्च, मंगळवार

सर आले नाहीत.

१९ मार्च, बुधवार

सर आले. माझ्या टेबलापर्यंत येऊन वळले. खोलीचं दार दिवसभर बंद. जेवायलाही बाहेर पडले नाहीत.

२० मार्च, गुरुवार

दार बंद.

आत्या म्हणते, "फोन कर त्यांना."

"समोरच्या खोलीत बसतात ते, आत्या."

"समोर बसणाऱ्यांनाच जास्त लागतो फोन. पस्तीस वर्षं जोडून दिलेत मी."

२१ मार्च, शुक्रवार

केला फोन! समोरच्या खोलीत! काचेतून दिसत होते उचलताना.

"सर, मी बोलतेय."

"दिसतंय मला. ये."

टेबलभर कागद. तीन दिवस हा माणूस पेन्सिलने गणित करत बसला होता, म्हातारीला हात न लावता, मुळापासून. हनुवटीवर पांढरे खुंट वाढलेले.

"तुझ्या तक्त्यात चूक आहे," पहिलंच वाक्य. क्षणभर वाटलं, सुटलो! "सातवी ओळ. दोनदा मोजलंयस."

बघितलं. खरंच दोनदा मोजलं होतं.

"पण त्याने काही बदलत नाही. शून्य ते शून्यच." पेन्सिल खाली ठेवली. "बरोबर आहे तुझं."

मी सातवी ओळ दुरुस्त केली.

"सोमवारी मी ओरडलो."

"असू दे, सर."

"असू दे काय? ओरडलो ते ओरडलोच. काही कारण नव्हतं." मग कागदांची चळत नीट करत, माझ्याकडे न बघता — "व्याख्यान मीच देणार. विषय बदलायचा नाही, पत्रिका बदलायची नाही."

"पण सर —"

"नाही म्हटलं ना."

म्हणजे काय? म्हणजे तीच रेषा दाखवणार? बरोबर आहे म्हणतात आणि तीच दाखवणार? घरी येईपर्यंत डोक्याचा भुगा झाला.

२४ मार्च, सोमवार

उद्या समिती. खरं सांगितलं तर सर तोंडघशी पडतात. नाही सांगितलं तर मी. दातोबाने इस्त्री करून ठेवलेत कपडे. बाहीवर नवीन चुणी पाडलीय, पण भावना पोचल्या.

२५ मार्च, मंगळवार

लांबलचक टेबल, पलीकडे पाच जण, पाण्याच्या सहा बाटल्या. संचालक खुशीत. "हं, तो निकाल ऐकवा सगळ्यांना."

"तो निकाल मी मागे घेतेय," मी म्हणाले.

कारण सांगितलं. पाच मिनिटं लागली. एक बाई सदस्य होत्या, रसायनशास्त्राच्या. अतिशय शांतपणे त्यांनी विचारलं, "मग गेल्या तीन वर्षांत तुमच्या हाती काय लागलं?"

"एक चूक लागली."

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं, एक तरी हसेल.

"सरांना कल्पना आहे?" संचालक.

"हो."

"मग शुक्रवारी ते काय बोलणार?"

"ते मला माहीत नाही." हेही खरंच होतं. आज सगळं खरंच बोलले. पाणी प्यायचं होतं, आणि सहा बाटल्यांतली एकही माझ्या बाजूला नव्हती.

२८ मार्च, शुक्रवार

सभागृह खचाखच. जुने विद्यार्थी, कुठकुठल्या गावांहून आलेले, टकलं पडलेले, पोटं सुटलेले. पहिल्या रांगेत काकू — सरांची बायको. त्यांच्या शेजारी संचालक. मी मागे, दाराजवळ, शंकासुराच्या बाजूला. पळायला सोपं.

दिवे मंदावले. पहिलीच स्लाइड. तीच रेषा! चढते, चढते आणि थांबते. टाळ्यांचा कडकडाट. मी डोळे मिटले.

सर टाळ्या थांबायची वाट बघत उभे. चष्मा काढला, पुसला, परत चढवला.

"टाळ्या जरा जपून वाजवा," म्हणाले. "ही रेषा चुकीची आहे."

पहिल्या रांगेत संचालक खुर्चीत पुढे सरकले.

"माझ्याकडे चाळीस मिनिटं आहेत. ती का चुकीची आहे हे सांगायला पुरतील असं वाटतं."

आणि सांगितलं! काय सांगितलं! पेटी, तारा, न लिहिलेली परतीची वाट. फळ्यावर माणसं काढली — पाच माणसं एकाच दारातून एकाच वेळी आत शिरायला बघतायत, आणि दारात मी उभा आहे, म्हणाले. लोक हसायला लागले. मग एकदम गंभीर झाले.

"तो भाग गाळायचा हे मी ठरवलं. त्या दिवशी ते बरोबर होतं. त्यानंतर तीस वर्षांत मी एकदाही मागे वळून त्याच्याकडे बघितलं नाही, हे बरोबर नव्हतं. माझ्या प्रोग्रॅमवर विसंबून ज्यांनी ज्यांनी आकडे छापले, त्या सगळ्यांना मी पत्र लिहिणार आहे. चाळीस पत्रं. निवृत्तीत काय करणार, असं सारखं विचारत होतात ना तुम्ही?"

मग माझं नाव घेतलं. पूर्ण, आडनावासकट. "चूक हिला सापडली. आणि सापडल्यावर ती गप्प बसली नाही. पहिलं येतं बऱ्याच जणांना. उभी राहा गं."

उभी राहिले. काकू मागे वळून वळून टाळ्या वाजवत होत्या. संचालकही वाजवत होते, अगदी बेतानं.

शेवटी पुढच्या रांगेतल्या एका वृद्ध गृहस्थांनी विचारलं, "मग उत्तर काय? पेटीला हद्द आहे की नाही?"

"बहुधा नाही," सर म्हणाले. "पण खरं सांगू? माहीत नाही."

इतक्या आनंदात 'माहीत नाही' म्हणणारा माणूस मी आजवर बघितला नव्हता.

शंकासुर कानाशी कुजबुजला — "वा."

तारीख नोंदवून ठेवतेय!

३१ मार्च, सोमवार

सरांनी किल्ल्या परत केल्या. चार खोकी पुस्तकं, एक कुंडी, एक छत्री. छत्री त्यांची नव्हती, ती परत ठेवली.

१ एप्रिल, मंगळवार

समितीचं पत्र. 'खेद वाटतो' पहिल्याच ओळीत. आजची तारीख बघून दोनदा वाचलं, कुणी चेष्टा तर करत नाही ना. नव्हतं कुणी करत.

दातोबाने रात्रीच्या जेवणाला ऑम्लेट केलं, त्यावर सॉसने हसरं तोंड काढलं. सगळे दात दाखवणारं. बत्तीसच्या बत्तीस, मी मोजले.

३ एप्रिल, गुरुवार

दहा वाजता दारात सर! गळ्यात 'पाहुणा' असा बिल्ला. संस्था ज्यांनी उभी केली त्यांना फाटकावरच्या पहारेकऱ्याने वहीत सही करायला लावली, 'कोणाकडे जायचं' या रकान्यात त्यांनी माझं नाव लिहिलं.

"तुझे किती दिवस उरलेत?"

"सतरा. सुट्ट्या धरून."

"मग बसतेस काय? परतीची वाट लिहायची ना!"

४ एप्रिल, शुक्रवार

सर दोन बोटांनी टाइप करतात. तबला ऐकल्यासारखं वाटतं.

पेटीचे बारीक बारीक खण पाडायचे. एका खणात एकाच वेळी योग्य ते पाचसहा कण असले, तर त्यांची तार व्हायची शक्यता किती ते काढायचं, आणि तेवढ्या शक्यतेचा फासा टाकायचा. ऐकायला सोपं. खण मोठे झाले तर लांबलांबचे कण उगाच गाठ पडल्यासारखे वागतात, छोटे झाले तर खणात कुणीच सापडत नाही. दिवसभर खण मोठे-छोटे करत बसलो. सरांचं एक चिन्ह उलटं पडलं होतं, मी पकडलं. माझी दोन पडली होती, त्यांनी पकडली. ते खूश!

८ एप्रिल, मंगळवार

वेधशाळेत मुलाखत दिली. हवामानाचे प्रोग्रॅम सांभाळायला माणूस हवाय त्यांना. मुलाखत घेणारे म्हणाले, "आमच्याकडे तापमान चाळिसाच्या वर गेलं की बातमी होते." म्हटलं, चालेल मला, जरा गारवाच वाटेल.

१० एप्रिल, गुरुवार

वेधशाळेने घेतलं. एकवीसला रुजू. कायमची नोकरी! आत्याने फोनवरून सगळ्या नातेवाइकांना कळवलं, एकामागून एक, एकदाही न चुकता.

आनंद झालाय. झालाच आहे. दातोबा म्हणाला, "झालाय ना?" "झालाय म्हटलं ना," मी म्हणाले.

१४ एप्रिल, सोमवार

मोजणी जुळली!!

तार तुटून कण — एक लाख आठ हजार. कणांची परत तार — एक लाख सात हजार नऊशे. म्हातारीच्या आयुष्यात पहिल्यांदाच. सरांनी उठून माझ्याशी हस्तांदोलन केलं, मग शंकासुराशी, मग चहा घेऊन आलेल्या बाईंशी. त्या म्हणाल्या, "काय झालं?" सर म्हणाले, "रस्ता झाला!" त्या म्हणाल्या, "बरं झालं, किती खड्डे होते."

आता मोठा रन टाकलाय. ऊर्जा पायरीपायरीने वाढवत नेणारा. सहा दिवस लागतील. काय होणार ते ठरलेलंच आहे — वाट मोकळी झालीय, रेषा चढत जाईल. मग दोन पानांचं दुरुस्तीपत्रक, खाली दोघांची नावं, विषय संपला. शंकासुरालाही शंका नाही, म्हणजे बघा!

१८ एप्रिल, शुक्रवार

टेबल आवरलं. सहा वर्षं एका खोक्यात मावली. म्हातारीचे कागदपत्र शंकासुराकडे सोपवले. तो म्हणाला, "ही बिघडली की तुलाच फोन करणार." "वेधशाळेत?" "मग काय, पावसाचं विचारायला करू?"

सर आज लवकर गेले. फाटकापर्यंत सोडायला गेले मी. "सोमवारी तू नसणार," म्हणाले. "मग मी पाहुणा कुणाचा?"

२० एप्रिल, रविवार

रन संपला. दुपारी घरूनच उघडला.

जाणं-येणं दोन्हीकडून जुळतंय, प्रत्येक पायरीला. रेषेने एकशे तीस सहज ओलांडलं. एकशे चाळीस, दीडशे, एकशे साठ.

एकशे पासष्टला थांबलीय. त्यापुढे सहा पायऱ्या आहेत. सहाही तिथेच. सगळ्या वाटा उघड्या असताना, कुठेही कोंडी नसताना.

सातवी ओळ दोनदा मोजलेली नाही. चारदा तपासली.

सरांकडे फोन लावला. काकूंनी घेतला. "अगं, आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

"उठवा," म्हटलं.